पाणी मुरतंय

नऊ हजार लेई ठेवले मी पांडेलेंच्या हातावर.
त्यांनी नोटा पाहिल्याच नाहीत,
अंगठ्याने एकेक चाचपली आणि खिशात घातली.
तेव्हाच मनात आलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

करडी लोगान, दोन हजार सातची.
गालात्सच्या गोदीत वेल्डर होते ते, आयुष्यभर,
त्यामुळे दारांखालचा गंज त्यांनी स्वतःच डागलेला,
डाग दिसतात अजून, कुणाच्या तरी
शिवलेल्या भुवईसारखे.

ऐंशी किलोमीटर चालवली तरी
पेट्रोलचा काटा वरच्या खुणेवरून हलेना.
अडकलाय, म्हटलं. जुन्या गाडीचा भरलेला काटा
कोण खरा मानतो?
नूत्सूने मागची सीट उचलली, झाकण काढलं, आत बॅटरी मारली.
पन्नास लेई घेतले आणि म्हणाला,
"बाई, टाकी खरंच भरलेली आहे."

मग तर माझी खात्रीच पटली.
एवढं पेट्रोल फुकट देणारा माणूस
काय लपवत असेल?

काय काय लपवलं होतं, ते दर महिन्याला कळत गेलं.
जानेवारीत इग्निशन कॉइल: तीन सिलिंडरवर खोकत
मी पुलापर्यंत आले, बर्फात, मागे ट्रकांची रांग.
मार्चमध्ये पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग;
आधी वाटलं, रस्ताच गुणगुणतोय.
टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप, साडेआठशे,
त्या महिन्यात मी हीटर न लावता झोपले.
काच वर करायचं हँडल हातात आलं
टोलनाक्यावर नाही, देवाची कृपा, घरासमोर.
ते अजून माझ्या पर्समध्ये आहे.

आणि कूलंट. दर महिन्याला अर्धी बाटली.
पाइप बदलला, थर्मोस्टॅट बदलला, टोपण बदललं.
खाली पुठ्ठा अंथरून ठेवला रात्रभर,
सकाळी पुठ्ठा कोरडा.
नूत्सू म्हणतो, विकून टाका.
आई म्हणते, पदरात पडलं, पवित्र झालं.
मी काहीच म्हणत नाही, मला गुरुवारी निघायचं असतं,
मागच्या सीटवर कवळ्यांचे डबे,
बावीस गावांतली तोंडं वाट बघत असतात.
डबे खडखडतात खड्ड्यांवर,
जणू मागे बसून माझा हिशेब चघळतंय कुणीतरी.

परवा पंक्चर झालं मक्याच्या शेतांमधे.
स्टेपनीच्या खाली, चिंध्यांत गुंडाळलेली, वही.
चौदा वर्षांचा खर्च, निळ्या शाईत.
प्रत्येक लिटर. प्रत्येक स्क्रू.
पहिल्या पानांवर अक्षर बारीक, रेघेवर बसलेलं,
वेल्डरचं असावं तसं, सलग.
नंतर मोठं होत गेलेलं.
नंतर रेघ सोडून खाली घसरलेलं,
एका पानावर दोनच आकडे मावलेले.
"आरसा, उजवा, ७०." पुढच्याच आठवड्यात पुन्हा
"आरसा, उजवा." फाटकाचा खांबही, तीनशे.

आणि मधे मधे, चौदा वर्षं, दर महिन्याला:
"पाणी, अर्धी बाटली. सापडत नाही."

शेवटचं पान मी फिरवून फिरवून वाचलं.
"टाकी भरली. ३१०.
दातांच्या बाईला गावांकडे जायचंय,
तिकडे पंप नाही."

चाक बसवायला मला पाऊण तास लागला.
एक नट गवतात गेला, सापडला नाही,
तीनवरच आले, चाळीसच्या वेगाने,
ट्रॅक्टरनेसुद्धा मागे टाकलं.

घरी आल्यावर बेरीज केली, वहीतच, त्यांच्या खाली.
गाडीच्या किमतीपेक्षा खर्च दोनशे लेईंनी जास्त,
दोन वर्षांत. नट धरला नाही.
पांडेलेंना फोन करावा की करू नये,
ते ठरलं नाही अजून.
पण माझं अक्षर सरळ आहे, तोवर लिहिते:

कूलंट, अर्धी बाटली, पंचेचाळीस.
सापडत नाही.